विदर्भात मालगाड्यांचे फोटो : ऊन कुठे, फाटक कुठे, आपण कुठे?

रुळांलगत (धागाकर्ता)

दिवाळी झाली की दोन-चार जण तरी व्यनि (वैयक्तिक निरोप) करून विचारतात, "विदर्भात येतोय, वंदे भारतचा चांगला फोटो कुठे मिळेल?" मिळेल हो, कुठेही मिळेल. तिचं वेळापत्रक मोबाईलवर, ती आत्ता कुठे पोचली तेही मोबाईलवर. पण तीच गाडी पुण्याला आहे आणि सोलापूरलाही आहे. तेवढ्यासाठी आमच्याकडे कशाला येता?

आमच्याकडे येऊन बघायची ती मालगाडी. वणी-माजरी-घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा, गडचांदुराकडचं सिमेंट, तुमसरच्या वरचं मँगनीज, चंद्रपूर-कोराडी-तिरोडा-पारसची वीज केंद्रं. त्यात मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. पॅसेंजर गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येते. मालगाडीचं तसं नाही. ती कधी येईल, कुठलं इंजिन असेल, मागे काय लागलं असेल, काहीच माहीत नसतं. मजा त्यातच आहे. आणि ती मजा घ्यायची तर गाडीचा पाठलाग करून उपयोग नाही. जागा निवडून गप बसायचं.

जागा निवडायची ती उन्हावरून. भुसावळ–बडनेरा–वर्धा लाईन ढोबळमानाने पश्चिम-पूर्व जाते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, म्हणून उभं राहायचं रुळांच्या दक्षिणेला. सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या, म्हणजे डाऊन गाड्यांच्या तोंडावर ऊन पडतं. दुपार कलली की मुंबईकडच्या अप गाड्यांची पाळी. मेख इथे आहे की आपल्या गाड्या डाव्या बाजूने चालतात. दक्षिणेला उभं राहिलं की अप लाईन आपल्या पुढ्यात येते आणि डाऊन पलीकडे. त्यामुळे सकाळची डाऊन गाडी छान मोकळी, चाकांसकट दिसते. पण नेमक्या वेळी अलीकडून अप मालगाडी घुसली, की आपल्या वाट्याला ५८ वाघिणींची भिंत. शिव्या घालून मोकळं व्हायचं. तिसरी लाईन जिथे पडली आहे तिथे हे गणित बदलतं, तिथे आधी एक दिवस नुसतं बघून या.

सेवाग्राम–हिंगणघाट–वरोरा–चंद्रपूर ही लाईन उत्तर-दक्षिण. तिथे सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. बल्लारशाहकडे निघालेल्या गाड्यांची तोंडं डिसेंबरात जवळपास दिवसभर उजळलेली असतात. उलट नागपूरकडे येणारीचं तोंड दुपारी काळंठिक्कर. कोळशाचे भरलेले रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, माजरीहून बरेचदा वर नागपूरकडेच निघतात, त्यामुळे हे दुखणं आहेच. अगदी सकाळी किंवा अगदी संध्याकाळी एक बाजू तरी उजळते, तेवढ्यावर भागवायचं.

माझी आवडती जागा धामणगाव आणि पुलगावच्या मधलं एक फाटक. नंबर देत नाही, कारण तिथला गेटमन भला माणूस आहे आणि मला त्याच्या गुमटीसमोर जत्रा भरवायची नाही. एका बाजूला पऱ्हाटी, एका बाजूला तूर. गुमटीतला फोन खणखणतो. तो रजिस्टर ओढतो, पलीकडून स्टेशन मास्तरने सांगितलेला प्रायव्हेट नंबर (निरोप पोचल्याची खूण) लिहितो, आपला सांगतो, बाहेर येऊन हँडल फिरवतो. दांडा खाली येत असतानाच दोन मोटरसायकली वाकून पार होतात, एकीवर मागे कापसाचं गाठोडं. तो त्यांच्याकडे बघतही नाही, हिरवी झेंडी घेऊन आपल्या जागी उभा राहतो. आता पाच मिनिटं, कधी पंधरा. आधी ओव्हरहेडची तार थरथरते, मग रूळ गुणगुणतात, मग इंजिनाच्या ब्लोअरची शीळ ऐकू येते. भरलेला रेक असेल तर आवाज जाड येतो आणि पायाखालची जमीन दबल्यासारखी वाटते. रिकामा असेल तर नुसता पत्र्याचा खडखडाट, बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. डोळे मिटून सांगता येतं कुठला ते.

एक सूचना. ट्रायपॉड नेऊ नका. आमच्याकडे समृद्धी झाला, तिसऱ्या लाईनीची मोजणी झाली. धुऱ्यावर तीन पायांचं काही उभं केलं की दहा मिनिटांत कुणीतरी शेतकरी येऊन विचारतो, "साहेब, अजून किती जाते जमीन?" मी फोटो काढतोय म्हटलं तर एका आजोबांचा अजिबात विश्वास बसला नाही. "मालगाडीचे फोटो कोन काढते जी? मोबदला किती बसते थे सांगा." शेवटी त्यांनाच कॅमेऱ्यातून गाडी दाखवली. त्यानंतर ते गाडी येईपर्यंत माझ्याशेजारी बसले आणि मला सोयाबीनचा भाव ऐकावा लागला.

फोटो १ : कोळशाचा भरलेला रेक, दोन इंजिनं, सकाळ.
फोटो २ : सिमेंटच्या बंद वाघिणी, तुरीच्या फुलांमागून.
फोटो ३ : अप सेवाग्राम एक्सप्रेस. घ्या, पॅसेंजरवाल्यांसाठी.

खडीवरची_कोरांटी

लेख आवडला. फोटो दिसत नाहीयेत.

रुळांलगत

अल्बम सार्वजनिक केला. आता दिसतील.

खडीवरची_कोरांटी

दिसले. दुसरा फोटो लाजवाब. गाडी कमी आणि तूर जास्त असलेला रेल्वेचा फोटो पहिल्यांदाच पाहिला.

बडनेऱ्याचा_बाळू

भाऊ, अगदी बराबर लिवलं. आमी लहानपनी बडनेऱ्याच्या पुलावर बसून डबे मोजाचो. कोनाचा आकडा बराबर येते त्यावर कंचे लावाचो. मालगाडी म्हटली का मंधातच कोनीतरी बोंबलाचा आन आकडा इसरून जाचा. आता पोरगं मले इचारते, "बाबा, थे जोडीचं इंजिन कोनतं?" मले कुठं मालूम! कोनी सांगन का?

रुळांलगत

बाळूभाऊ, दोन सारखे भाग पाठीला पाठ लावून एकच इंजिन असेल तर ते वॅग-१२. बिहारमध्ये मधेपुऱ्याला बनतं, १२,००० अश्वशक्ती. सहारनपूरनंतर त्यांच्या देखभालीचा दुसरा डेपो आपल्या नागपुरातच आहे, म्हणून आपल्याकडे इतकी दिसतात. दोन सुटी इंजिनं जोडलेली असतील तर बहुतेक वॅग-९ किंवा वॅग-७. वॅग-९ साधारण ६,००० अश्वशक्तीचं, अजनीच्या शेडमध्ये ढिगाने आहेत. पोराला सांगा, इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव लिहिलेलं असतं ते वाचायचं. अजनी, भुसावळ, काझीपेट, भिलाई... एका सकाळीत अर्ध्या देशाची शेडं वाचून होतात.

लाल_पिवळा_हिरवा

नमस्कार मंडळी. आयुष्य स्टेशन मास्तरकीत गेलं, आता निवृत्त आहे. धागा आनंदाने वाचला. माझ्याकडून थोडी भर.

छोट्या स्टेशनाजवळ असाल तर होम सिग्नल, म्हणजे गाडी स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल, बघत जा. पिवळा दिवा आणि त्याच्या डोक्यावर तिरक्या पांढऱ्या दिव्यांची ओळ पेटली, की समजा येणारी गाडी लूपमध्ये, म्हणजे मेन लाईनच्या बाजूच्या रुळावर, घेतली जाते आहे. मालगाडी लूपमध्ये घेतली याचा अर्थ बहुतेक वेळा मागून एखादी मेल-एक्सप्रेस येते आहे आणि मास्तरला तिला पुढे काढायची आहे. मालगाडी डोळ्यांसमोर हळूहळू आत येऊन थांबेल, शांतपणे तिचे फोटो घ्या. मग मेन लाईनवरून एक्सप्रेस धडाडत जाईल, दोन्ही गाड्या एका चौकटीत. वेळापत्रक न बघता गाडीची वेळ कळायची ही जुनी युक्ती आहे.

मालगाडीच्या लोको पायलटला मात्र त्या वेळी हात करू नका म्हणणार नाही, अवश्य करा. दोन-दोन तास लूपमध्ये बसलेल्या माणसाला कुणीतरी हात केला तर बरं वाटतं.

आता कडू गोळी. खडीवर पाय ठेवायचा नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, सेल्फी-स्टिक वर करण्याआधी हा आकडा आठवावा. फाटकाबाहेरचा रस्ता, शेताचा धुरा, उड्डाणपूल, या जागा पुरेशा आहेत. स्टेशनात असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट खिशात ठेवा आणि कुणी हटकलं तर हुज्जत घालू नका. पुलगावला तर विशेष सांभाळून. तिथे लष्कराचा मोठा दारूगोळा डेपो आहे. त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही, ड्रोनचं तर नावच नको.

रुळांलगत

काका, साष्टांग नमस्कार. लूपचं मला माहीत होतं, पण इतकं सरळ कधी सांगता आलं नसतं.

नवा_क्लिकर

धागा वाचून कॅमेरा बाहेर काढला! माझ्याकडे ७०–३०० ची लेन्स आहे. सेटिंग काय ठेवू? आणि दुपारी काढलेले फोटो पाण्यातून काढल्यासारखे का येतात? लेन्स खराब आहे का?

रुळांलगत

लेन्स ठणठणीत आहे. त्या उन्हाच्या झळा. आमच्याकडची खडी आणि काळी जमीन डिसेंबरातही दहा-अकरानंतर तापते. रुळांच्या पातळीवरून ३०० मिमीने लांबची गाडी टिपायला गेलात तर इंजिन वितळल्यासारखं दिसणारच. एक लाखाची लेन्स आणा, तेच होईल. उपाय एकच, गाडी जवळ येऊ द्या आणि ७० ते १०० च्या आसपास काढा. नाहीतर सकाळी नऊच्या आत सगळं उरकून घ्या.

शटर म्हणाल तर मालगाडीला १/५०० पुरतं, समोरून सुसाट येणाऱ्या एक्सप्रेसला १/१००० च्या खाली जाऊ नका. गाडीबरोबर कॅमेरा फिरवून मागचं शेत पुसायचं असेल तर १/६० ला उतरा. बहुतेक फोटो वाया जातील, एखादा असा येईल की भिंतीवर लावाल. आणि कोळशाच्या रेकला एक्सपोजर कॅमेऱ्यावर सोडू नका. काळं पाहून तो उजेड वाढवतो, मग आकाश पांढराफटक आणि कोळसा राखाडी. अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या. कोळसा काळाच दिसला पाहिजे.

चाकोरीबाहेर

तुमचा वंदे भारतवरचा राग कळला नाही. नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्राम-चंद्रपूरवरून जाते, तिचा फोटो काढायला गावातली पोरं फाटकावर जमतात. त्यांना मालगाडीचं काय कौतुक? ती तर रोज त्यांची वाट अडवते.

रुळांलगत

राग नाही हो. तिचे फोटो सगळेच काढतात, एवढंच. फाटक अडवणाऱ्या गाडीकडे वैतागून बघणारी माणसं हासुद्धा फोटोचाच विषय आहे. पण पोरांचं म्हणाल तर मुद्दा मान्य.

घुग्घुसची_धूळ

चर्चा छान चालली आहे, थोडी बिघडवतो. तुम्हाला "कोळसा काळाच दिसला पाहिजे" वाटतं, आमच्याकडे वाळत घातलेला पांढरा सदराही काळा दिसतो. सायडिंगजवळ घर आहे. रात्री वाघिणी भरायचा आवाज, सकाळी अंगणातल्या तुळशीवर थर. पाहुण्यांची मुलं भिंतीला हात लावतात आणि हात बघत बसतात. फोटो काढा, जरूर काढा. पण एखादा इकडे गल्लीत येऊन, गाडी मागे आणि दोरीवरचे कपडे पुढे, असाही काढा.

रुळांलगत

या फोटोची कल्पना तुमचीच, श्रेयही तुमचंच. घरी चालत असेल तर येतो. अर्थात कपडे आईंनी वाळत घातलेले असतील तर परवानगी त्यांची लागेल.

घुग्घुसची_धूळ

या. आई म्हणते, चहा देईन, पण कपडे आधी काढून घेईन.

झाडीची_लेक

ब्रह्मपुरीहून लिहितेय. सगळे वर्धा आणि चंद्रपूर करताय, गोंदिया–बल्लारशाह लाईनचं कुणी नावच काढत नाही! आमच्याकडे वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधला वैनगंगेचा पूल आहे, हिवाळ्यात सकाळी धुक्यातून गाडी निघते. धानाची कापणी झालेली, बांध्यांमध्ये थोडं पाणी, त्यात इंजिनाचं उलटं चित्र. फेब्रुवारी-मार्चात नागभीड-सिंदेवाहीकडे पळस फुलतो तेव्हा तर मालगाडीचा लाल-तपकिरी रंगसुद्धा फिका पडतो.

पण एक विनंती. नागभीडपासून मूल, पुढे चांदा फोर्टपर्यंत लाईन जंगलातून जाते. वाघ तिथे रूळ ओलांडतात. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ जुनोनाच्या जंगलात वाघाचे तीन बछडे याच लाईनवर गाडीखाली गेले. तिथे पहाटे कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेला दबा धरून बसू नका. कुणी शहरातून येतं, गाडी रस्त्याला लावतं, झुडपात शिरतं. आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात असतात. स्टेशनाच्या प्लॅटफॉर्मवर बसा. सिंदेवाही, मूल, दोन्ही सुंदर आहेत आणि स्टेशनवर चहा मिळतो.

रुळांलगत

ताई, खरंच राहून गेलं. एकेरी लाईन असल्यामुळे तिथे क्रॉसिंगसाठी गाड्या थांबतात, फोटोवाल्याला ते सोन्यासारखं. पुढच्या महिन्यात नक्की. प्लॅटफॉर्मवरच बसेन, वचन.

चिंचेखालचा

नागभीड म्हटलं की मला नागपूर–नागभीड नॅरोगेज आठवते. २०१९ ला बंद झाली, रुंदीकरणासाठी. उमरेडच्या मामाकडे जायचो. खिडकीतून हात काढला की झाडाची पानं हातात.

आणि शकुंतला? यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. तिचे फोटो कुणाकडे आहेत का?

लाल_पिवळा_हिरवा

आमच्या एका सहकाऱ्याची तिथे नेमणूक होती. साधारण १९० किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग, किलिक-निक्सन कंपनीच्या काळात कापसासाठी टाकलेला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन ती गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि पळत जाऊन परत चढायचा. आमच्या मेन लाईनवाल्यांना हे ऐकून हसू यायचं. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणायचा, "तुमच्याकडे मास्तर, पॉइंट्समन, गेटमन, गार्ड लागतात. आमच्याकडे ते सगळे मीच."

बडनेऱ्याचा_बाळू

दारव्ह्याले आजी राहे माही. शकुंतलेत बसलो का आई डबा सोडे, थो खाऊन हात धुवून होये, तरी पुढचं टेसन ये नाही. आता रुळावर बाभळी वाढल्या. काई ठिकानी तर रूळ दिसत बी नाही. मी मोबाईलवर काढले दोन फोटो, पन त्यात गाडी नाही तं कोन पाहीन?

झाडीची_लेक

मी पाहीन. टाका.

बडनेऱ्याचा_बाळू

टाकले बाप्पा. दुसऱ्यात बकरी आहे, थे माह्या काकाची.

चिंचेखालचा

त्याच बाबतीत अजून एक नाव: अकोला–खंडवा मीटरगेज. धूळघाटला लाईन स्वतःलाच वेटोळं घालून वर चढायची, एकाच गाडीतून खालचा आणि वरचा रूळ दिसायचा. अकोला–अकोट ब्रॉडगेज झालं, २०२२ मध्ये गाडीही सुरू झाली. पुढे मेळघाटातून न्यायची की व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. फोटो काढणारा म्हणून जीव वेटोळ्यात अडकतो, पण वळसाच बरोबर आहे असं माझं मत.

चाकोरीबाहेर

आत्ता पटलं, तुम्ही मालगाडीवाले सगळे असे भावनाशील का ते. बरं, लांबलचक जोडगाड्या पाहायला मिळतात का इकडे? शेषनाग वगैरे?

रुळांलगत

२०२० च्या जुलैत शेषनाग नागपूर विभागातूनच कोरब्याकडे निघाली होती, चार रिकामे रेक एकत्र, २.८ किलोमीटर. दोन वर्षांनी सुपर वासुकी आली, २९५ वाघिणी, साडेतीन किलोमीटर. पण ती कोरबा–राजनांदगाव, आपल्या सीमेच्या अलीकडे आलीच नाही. दोन रेक जोडलेली गाडी मात्र गोंदियाकडे दिसून जाते. अशी गाडी साध्या लूपमध्ये मावत नाही, म्हणून तिला सहसा मध्ये कुठे थांबवत नाहीत. काकांची सिग्नलची युक्ती तिथे चालणार नाही.

फोटो काढायला मात्र ती महाकठीण. सपाट वऱ्हाडात चौकटीत एक इंजिन आणि पाच वाघिणी येतात, बाकी सगळी गाडी लोकांनी विश्वासावर घ्यायची. उंची आणि वळण दोन्ही हवं. सालेकसा-दरेकसाकडे चढ आहे, डोंगर आहे, तिथे काही जमू शकेल. पण तो भाग जंगलाचा, एकट्याने जाऊ नका आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय टेकडी चढू नका.

नवा_क्लिकर

सगळं वाचून डोकं गरगरलं. मी नागपुरात राहतो, एका रविवारची सुट्टी. कुठे जाऊ?

लाल_पिवळा_हिरवा

सकाळची पॅसेंजर धरून सिंदी रेल्वेला उतरा. स्टेशन लहान, गाड्या भरपूर.

रुळांलगत

काकांशी सहमत. दक्षिणेकडची बाजू धरा, दहापर्यंत डाऊन गाड्या काढा, मग सावलीत बसून दुपारी तीनपासून अप. टोपी आणि पाणी घेऊन जा. ट्रायपॉड घरी.

बडनेऱ्याचा_बाळू

येतो मी बी पोराले घेऊन. पन रविवारी नाही, या रविवारी कापूस येचाले मानसं सांगितले हायेत. त्याच्या पुढच्या रविवारी जमते का पाहा.

नवा_क्लिकर

जमतं. सिंदीला नाश्त्याला काय मिळतं?

बडनेऱ्याचा_बाळू

मी घरून भाकर-ठेचा आनतो. तू फकस्त थे इंजिनचे नाव पोराले वाचून दाखोजो.